देवपूजेतील शंख : परिचय, परीक्षा आणि विवेक

देवपूजेच्या आरंभी कलश, शंख, घंटा आणि दीप यांचे पूजन करण्याचा प्रघात महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शंख स्वच्छ धुऊन त्यात जल भरले जाते. त्यास गंध व फूल वाहतात. अक्षता मात्र वाहत नाहीत. त्यानंतर शंखातील जल पूजासाहित्यावर व स्वतःवर शिंपडून पूजेस प्रारंभ होतो. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही भगवान विष्णूची चिन्हे सर्वपरिचित आहेत. पंढरीच्या श्रीविठ्ठलमूर्तीच्या डाव्या हाती शंख आहे. समुद्रमंथनातून निघालेल्या ज्या चौदा रत्नांचे स्मरण विवाहप्रसंगी मंगलाष्टकांतून केले जाते, त्यांतही शंखाचा समावेश आहे.

इतका निकटचा परिचय असूनही हा शंख मुळात काय आहे, तो कोणत्या सागरातून येतो, तो वर आणणारे हात कोणाचे, आणि ‘दक्षिणावर्ती’ म्हणजे नेमके काय, याची माहिती फार थोड्या भाविकांना असते. त्यामुळे दोन प्रकारची हानी होते. तीर्थयात्रेस आलेला भाविक मोठ्या श्रद्धेने व पदरमोड करून शंख विकत घेतो आणि पुष्कळदा फसतो. दुसरीकडे, दुर्मिळ वस्तूच्या हव्यासापायी सागरातील जीवसृष्टीवर ताण पडतो. या दोन्ही गोष्टी टळाव्यात, या हेतूने प्रस्तुत लेखात शंखाचा थोडा तपशीलवार परिचय करून दिला आहे.

शंख म्हणजे काय?

शंख हा दगड नव्हे, खनिज नव्हे आणि मनुष्याने घडविलेली वस्तूही नव्हे. ते समुद्रात राहणाऱ्या एका गोगलगायीचे घर आहे. भारतात देवपूजेसाठी परंपरेने मान्य असलेल्या शंखाचे शास्त्रीय नाव ‘टर्बिनेला पायरम’ असे आहे. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६७ मध्ये या जातीची शास्त्रीय नोंद केली. ‘पायरम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ नासपतीचे फळ. एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळता, असा शंखाचा आकार पाहिल्यास हे नाव सार्थ वाटते. इंग्रजीत या शंखाला ‘चँक’ म्हणतात. तो शब्दही आपल्या ‘शंख’ या शब्दावरूनच तयार झालेला आहे.

प्राणिशास्त्रात शंखाचा समावेश मृदुकाय प्राण्यांच्या ‘उदरपाद’ या वर्गात होतो. उदरपाद म्हणजे ज्याचे पोट हेच पाय आहे असा प्राणी. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही आपली म्हण शास्त्राच्या दृष्टीनेही तंतोतंत खरी आहे.

या प्राण्याच्या शरीरावर प्रावार नावाचे एक मऊ आवरण असते. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन त्यापासून हे आवरण कवचाचे थर रचत जाते. प्राणी जसजसा वाढतो, तसतशी कवचाच्या मुखाशी नवी भर पडते आणि ते मधल्या खांबाभोवती वेटोळे घेत मोठे होते. या मधल्या खांबास ‘स्तंभिका’ असे म्हणतात. पुढे शंखाची परीक्षा करताना या स्तंभिकेचा उपयोग होणार असल्याने वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा.

दुकानात दिसणारा शंख दुधासारखा शुभ्र असतो. सागरातून काढलेला शंख मात्र तसा दिसत नाही. त्यावर तपकिरी, जाडसर साल असते. ती खरवडून व घासून काढल्यावरच आतील शुभ्र चुनखडी कवच दिसू लागते. जिवंत प्राण्याजवळ मुख बंद करण्यासाठी एक कठीण, शिंगासारखे झाकणही असते. संकट आले की प्राणी आत जातो आणि हे झाकण लावून घेतो. काही सागरी गोगलगायींची अशी झाकणे ‘नख’ या नावाने प्राचीन काळापासून सुगंधी द्रव्यांत वापरली जातात.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात पांचजन्य शंखाची कथा आहे. गुरू सांदीपनींचा पुत्र प्रभासक्षेत्री समुद्रात नाहीसा झाला होता. त्यास परत आणण्यासाठी श्रीकृष्ण सागरात गेले. तेथे शंखरूपाने राहणाऱ्या पंचजन नामक दैत्याचा त्यांनी वध केला आणि त्याच्या अंगापासून उत्पन्न झालेला शंख घेऊन ते परतले. तोच पांचजन्य. शंख हा एका सजीवाच्या देहातून निर्माण होतो, ही जाणीव आपल्या पुराणकारांना स्पष्टपणे होती, हे या कथेवरून दिसून येते.

सागरतळावरील जीवन

हा शंख जगातील सर्व समुद्रांत आढळत नाही. भारत व श्रीलंका यांच्या लगतचा सागर हेच त्याचे मुख्य निवासस्थान होय. रामेश्वर व तूतुकुडी (तुतिकोरिन) यांच्यालगतचे मन्नारचे आखात, रामेश्वरच्या उत्तरेस असलेली पाल्कची सामुद्रधुनी, केरळचा दक्षिण किनारा आणि गुजरातेतील कच्छचे आखात ही त्याची प्रसिद्ध स्थाने आहेत. म्हणजेच चार धामांपैकी रामेश्वर आणि द्वारका ही दोन धामे शंखाच्या सागराच्या काठावरच वसलेली आहेत.

तमिळनाडूच्या व्यापारात मन्नारच्या आखातातील शंखास ‘जाति’ आणि उत्तरेकडील शंखास ‘पट्टी’ अशी नावे आहेत. त्यांपैकी जाति शंख अधिक चांगला समजला जातो.

शंखाला वाळूचा तळ मानवतो. साधारणपणे १० ते २० मीटर खोलीवरील वाळूत तो संथपणे सरपटत असतो. वाळूत राहणारे कृमी हे त्याचे प्रमुख अन्न आहे. मादी मेंढ्याच्या शिंगासारख्या दिसणाऱ्या एका कोशात अंडी घालते. या कोशाचे एक टोक वाळूत रुतलेले असते आणि आत एकावर एक रचलेले अनेक कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात पुष्कळ अंडी असली, तरी त्यांतील थोडीच पिल्ले पूर्ण वाढीस लागतात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. अनेक सागरी प्राण्यांची पिल्ले अतिसूक्ष्म अवस्थेत पाण्यावर तरंगत दूरदूर पसरतात. शंखाची पिल्ले तशी पसरत नाहीत. ती कोशातून लहानशा शंखाच्याच रूपाने बाहेर पडतात आणि तेथल्याच वाळूत सरपटू लागतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणचे शंख प्रमाणाबाहेर काढले गेले, तर दुसरीकडून नवी पिल्ले वाहत येऊन ती जागा सहजासहजी भरून निघत नाही. शंखाचे जीवन असे स्थानबद्ध असल्यानेच त्याच्या संवर्धनाचा प्रश्न नाजूक बनतो.

पाणबुड्यांचे कष्ट

शंख जाळ्यात अडकून येतात, त्याचप्रमाणे पाणबुडे तळाशी जाऊन ते हातांनीही वेचतात. तूतुकुडी, कीळक्करै आणि रामेश्वरच्या परिसरातील ख्रिस्ती परवर व मुस्लिम पाणबुड्यांनी हे काम अनेक पिढ्या केले आहे. हिंदूंच्या देवघरातील शंख अन्य धर्मीयांच्या श्रमातून आपल्यापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट प्रत्येक भाविकाने कृतज्ञतेने ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

पूर्वी पाणबुडे दगडाचे वजन घेऊन, श्वास रोखून तळाशी जात. वाळूवर शंख सरपटल्याची रेघ उमटलेली असते. त्या रेघेचा माग काढीत ते शंखापर्यंत पोहोचत. अलीकडच्या काळात श्वसनाची साधने आली. त्यामुळे पाण्याखाली अधिक वेळ थांबता येऊ लागले. पण धोकाही वाढला. खोल पाण्यात दीर्घकाळ राहून पाणबुडा घाईने वर आला, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि त्यामुळे अर्धांग किंवा मृत्यूही ओढवू शकतो.

या व्यवसायावर प्राचीन काळापासून राजसत्तेचे नियंत्रण राहिले आहे. मोत्यांप्रमाणेच शंखही राजाच्या उत्पन्नाचे साधन होते. पुढे डच व इंग्रज सत्तांनी हे हक्क आपल्या हाती घेतले. मद्रास इलाख्यातील मोती व शंख यांच्या मासेमारीचे अधिकारी जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ मध्ये भारतीय शंखावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या विषयाच्या अभ्यासात तो आजही मूलभूत मानला जातो. ठरावीक मापाहून लहान असलेले शंख पुन्हा समुद्रात सोडण्याची पद्धत त्या काळीही होती. नियत व्यासाच्या छिद्रातून शंख पार होत असेल, तर तो अल्पवयीन समजून सागरास परत केला जाई. या साध्या नियमामागील दूरदृष्टी आजही अनुकरणीय आहे.

प्राचीन काळापासूनचा प्रवास

शंखाचा वापर वैदिक वाङ्मयाहूनही जुना असल्याचे उत्खननांतून दिसते. बलुचिस्तानातील मेहरगढ हे स्थान समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही तेथील नवाश्मयुगीन दफनांत सागरी शंखशिंपल्यांचे अलंकार मिळाले आहेत. सिंधू संस्कृतीच्या काळात शंखाच्या बांगड्या घडविणे हा मोठा उद्योग होता. द्वारकेजवळ, नागेश्वर ज्योतिर्लिंगाच्या परिसरात याच नावाचे एक हडप्पाकालीन स्थळ आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञांनी १९८० च्या दशकात तेथे उत्खनन केले. त्यात शंख कापून बांगड्या, पळ्या व अन्य वस्तू बनविणाऱ्या कारागिरांची वसाहत उजेडात आली. द्वारकायात्रेत नागेश्वराचे दर्शन घेणाऱ्या भाविकांनी हे स्थानमाहात्म्यही जाणून घ्यावे.

पूर्व भारतात ही परंपरा आजही जिवंत आहे. बंगालमध्ये विवाहित स्त्रिया सौभाग्यचिन्ह म्हणून शंखाच्या पांढऱ्या बांगड्या घालतात. आपल्याकडे हिरव्या चुड्याला जे स्थान आहे, ते तेथे या शंखवलयांना आहे. विष्णुपूर व ढाका येथील शांखारी समाज पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आला असून ढाक्यातील ‘शांखारी बाजार’ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शंख कापण्याची पारंपरिक करवत जाताना कापते आणि येतानाही कापते. त्यावरून, दोन्ही बाजूंनी कोंडी झालेल्या माणसाविषयी ‘शंखाची करवत’ असा वाक्प्रचार बंगाली भाषेत रूढ झाला. या बांगड्यांसाठी लागणारे शंख मात्र प्रामुख्याने दक्षिणेच्या सागरातूनच बंगालात जात असत.

हाच शंख हिमालय ओलांडून तिबेटातही पोहोचला. तेथील बौद्ध परंपरेच्या आठ मंगल चिन्हांत उजवीकडे वळणाऱ्या शुभ्र शंखाचा समावेश आहे. दक्षिणेत त्रावणकोरच्या संस्थानाने शंख हे आपले राजचिन्ह मानले. त्या संस्थानाच्या टपाल तिकिटांवरही शंखच असे.

वामावर्ती आणि दक्षिणावर्ती

आता भाविकांच्या मनात सर्वाधिक कुतूहल असलेल्या विषयाकडे वळू.

शंखाची वेटोळी दोन दिशांनी वळू शकतात. बहुसंख्य शंख एकाच दिशेने वळलेले असतात. त्यांस आपल्या परंपरेत ‘वामावर्ती’ म्हणतात. क्वचित एखादा शंख उलट दिशेने वळलेला निघतो. तो ‘दक्षिणावर्ती’ होय. तमिळ भाषेत त्यास ‘वलंपुरि’ असे नाव आहे. दक्षिणावर्ती शंख लक्ष्मीचे रूप मानून त्याचे पूजन केले जाते.

येथे एक गोंधळ हमखास होतो. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत सामान्य शंखास ‘उजवा’ आणि दुर्मिळ शंखास ‘डावा’ म्हटलेले आढळते. मग परंपरा चुकली की शास्त्र चुकले? वस्तुतः कोणीच चुकलेले नाही. फरक आहे तो केवळ शंख धरण्याच्या पद्धतीचा. शास्त्रज्ञ शंखाचे वेटोळ्यांचे शिखर वर आणि निमुळती नाळ खाली धरून पाहतात. अशा वेळी सामान्य शंखाचे मुख पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. परंपरेत शंख नाळ वर करून धरला जातो. तसा धरल्यावर त्याच शंखाचे मुख डावीकडे येते. घरचा कोणताही शंख हाती घेऊन वर-खाली फिरवून पाहिल्यास ही गोष्ट तत्काळ पटेल.

शंख उलटा वळण्याचे कारण काय असावे? गोगलगायींच्या शरीराची दिशा अंड्यातील पेशींच्या अगदी पहिल्या काही विभाजनांतच निश्चित होते. तळ्यात राहणाऱ्या एका गोगलगायीवर जपानमधील संशोधकांनी केलेले काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यातील एका जनुकात बदल घडविताच उजव्या वळणाच्या मातेच्या पोटी डाव्या वळणाची पिल्ले जन्मास आली. म्हणजे वळणाची दिशा हा जन्मतः लाभणारा गुण आहे. कोणत्याही कारागिराला ती नंतर बदलता येत नाही.

खरा दक्षिणावर्ती शंख लाखो शंखांमागे एखादाच मिळतो. सारे आयुष्य समुद्रात बुड्या मारूनही तो ज्यांच्या हाती कधी लागला नाही, असे पाणबुडेच अधिक. ही दुर्मिळता ध्यानात घेतली, तर तीर्थक्षेत्रांच्या बाजारपेठांत व प्रदर्शनांत ‘दक्षिणावर्ती’ म्हणून ओळीने मांडून ठेवलेले शंख कोठून येतात, असा प्रश्न साहजिकच मनात यावयास हवा.

दक्षिणावर्ती म्हणून विकला जाणारा परदेशी शंख

या प्रश्नाचे उत्तर भारतापासून हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेच्या किनाऱ्यावर आहे. अमेरिकेचा आग्नेय किनारा आणि मेक्सिकोचे आखात येथे ‘सिनिस्ट्रोफल्गर पर्व्हर्सम’ नावाची एक निराळीच सागरी गोगलगाय राहते. तिचे पूर्वीचे शास्त्रीय नाव ‘बुसायकॉन पर्व्हर्सम’ असे होते. या जातीचे वैशिष्ट्य असे की, तिचे जवळजवळ सर्वच शंख निसर्गतः उलट दिशेने वळलेले असतात. आपल्याकडे लाखोंत एखादा आढळणारा गुण तेथे सर्वसाधारण आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने तर १९८७ मध्ये या शंखास राज्याचा अधिकृत शंख म्हणून घोषित केले. कोवळ्या शंखावर विजेच्या रेषांसारखे तपकिरी पट्टे असतात. त्यावरून इंग्रजीत त्यास विजेचे नाव मिळाले आहे.

हाच शंख घासून, पांढरा करून भारतात दक्षिणावर्ती म्हणून विकला जातो. तो खोटा शंख आहे असे म्हणता येणार नाही, कारण तोही एका सजीवाचे कवचच आहे. परंतु परंपरेत ज्यास दक्षिणावर्ती म्हटले आहे, तो हा नव्हे. त्याचे कुळ निराळे, सागर निराळा आणि किंमतही निराळी.

परीक्षा कशी करावी?

पुढील बाबी ध्यानात ठेवल्यास सामान्य भाविकालाही बरीचशी परीक्षा स्वतः करता येईल.

(१) स्तंभिका पाहावी : शंखाच्या मुखातून आत, मधल्या खांबाच्या बाजूस पाहावे आणि तेथून हलकेच बोट फिरवावे. भारतीय शंखाच्या स्तंभिकेवर तीन ते चार ठळक, उठावदार वळ्या असतात आणि त्या बोटाला स्पष्ट जाणवतात. अमेरिकी शंखाच्या स्तंभिकेवर अशा ठळक वळ्यांची ओळ नसते. सर्व परीक्षांत ही परीक्षा सर्वाधिक भरवशाची आहे.

(२) वजन पाहावे : भारतीय शंखाचे कवच जाड व भरीव असते. आकाराच्या मानाने तो हाताला चांगलाच जड लागतो. अमेरिकी शंख त्या मानाने पातळ व हलका असतो.

(३) आकार पाहावा : भारतीय शंख नासपतीसारखा फुगीर व गोलसर असतो. अमेरिकी शंखाची नाळ लांब व मुख अरुंद असून वरच्या वेटोळ्याच्या कडेला बहुधा उंचवटे असतात. हे उंचवटे घासून टाकले असल्यास तेथील पृष्ठभाग निराळा दिसतो.

(४) नादावर विसंबू नये : शंख कानाशी धरल्यावर समुद्राची गाज किंवा ओंकार ऐकू येणे ही अस्सलपणाची खूण असल्याचे सांगितले जाते. वास्तविक आपल्या भोवतालचे बारीकसारीक आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात आणि तेच आपल्याला ऐकू येतात. हा अनुभव कोणत्याही जातीच्या शंखात येतो. एवढेच नव्हे, तर रिकामा पेला कानाशी धरला तरी येतो.

(५) घाई करू नये : ‘आज घेतला नाही तर उद्या मिळणार नाही’ असे सांगून मोठी रक्कम मागितली जात असेल, तर तेथेच थांबावे. मोल मोठे असेल तर शंखशिंपल्यांच्या जाणकारास दाखविल्यावाचून खरेदी करू नये. पक्की पावती अवश्य मागावी आणि तीवर शंखाची जात लिहून घ्यावी.

कायद्याची मर्यादा

बाजारात विकले जाणारे सर्वच शंखशिंपले घेण्यायोग्य नसतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचींत २००१ मध्ये अनेक सागरी शंखशिंपल्यांचा समावेश करण्यात आला. मोठ्या शिरस्त्राणासारखा दिसणारा ‘कॅसिस कॉर्न्यूटा’, तुतारीसारखा लांब ‘कॅरोनिया ट्रायटोनिस’, नॉटिलस आणि ‘ट्रायडॅक्ना’ कुळातील काही प्रचंड शिंपले हे त्यांपैकी होत. देवपूजेचा शंख २००१ च्या त्या यादीत नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने या अनुसूचींची फेररचना झाली आहे. शोभेची वस्तू म्हणून घेतलेला एखादा शंख कायद्याने संरक्षित असू शकतो, याचे भान भाविकांनी ठेवावे. परदेशी राहणाऱ्या आप्तांसाठी शंख पाठविताना किंवा त्यांनी तो नेताना ही दक्षता विशेषच आवश्यक आहे.

तसेच मन्नारच्या आखातातील २१ बेटांचा परिसर १९८६ मध्ये आणि कच्छच्या आखातातील काही भाग १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आहे. अशा संरक्षित क्षेत्रांतून शंख, शिंपले किंवा प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे. अन्य किनाऱ्यांवरही रिकामा दिसणारा शंख उचलण्यापूर्वी आत पाहावे. पुष्कळदा त्यात शंखखेकड्याने आपले बिऱ्हाड केलेले असते.

शंखाची निगा

पूजेचा शंख आणि वाजविण्याचा शंख हे निराळे असावेत, असा संकेत आहे. वाजविण्याच्या शंखाचे शिखर कापलेले असल्याने त्यात जल राहू शकत नाही. म्हणून व्यवहारदृष्ट्याही हा भेद योग्यच आहे. शंख वाजविताना नाद शंखातून आपोआप येत नाही. वाजविणाऱ्याच्या ओठांचे कंपन शंखाच्या वळत-रुंदावत जाणाऱ्या नळीत घुमते आणि गंभीर ध्वनी उमटतो. हृदयविकार, रक्तदाब, हर्निया किंवा कानाचा आजार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून शंख फुंकू नये.

शंख चुन्याचा बनलेला असल्याने आम्ल पदार्थांनी त्याची झीज होते. लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे आम्ल यांनी शंख कदापि स्वच्छ करू नये. त्याने क्षणभर पांढरेपणा येतो. परंतु वरची झिलई कायमची जाते. पंचामृतातील दहीही आंबट असते. म्हणून अभिषेकासाठी शंख वापरल्यास तो लगेच स्वच्छ पाण्याने धुवावा, मऊ कापडाने पुसावा आणि सावलीत कोरडा करावा.

आचारभेदाविषयीही एक गोष्ट नमूद करणे उचित होईल. शंखातील जल शिवलिंगावर घालू नये, असा संकेत महाराष्ट्रात अनेक घरांत पाळला जातो. तमिळनाडूतील शिवमंदिरांत मात्र कार्तिक मासातील सोमवारी १०८ किंवा १००८ शंखांनी शिवास अभिषेक करण्याची मोठी परंपरा आहे. दोन्ही आचार आपापल्या जागी आदरणीय आहेत. आपल्या कुळाचा आचार पाळावा आणि दुसऱ्याच्या आचारास नावे ठेवू नयेत.

समारोप

शंखाविषयीची ही माहिती वाचून एक प्रश्न उरतो : दक्षिणावर्ती शंख मिळाला नाही, तर पूजेत काही उणे राहते काय? मुळीच नाही. घरोघरच्या नित्यपूजेत पूर्वजांनी जो शंख वापरला, तो साधा वामावर्ती शंखच होता. पूजाविधीतील शंखाचे कार्य जल धारण करण्याचे आहे आणि ते साधा शंखही तितक्याच समर्थपणे करतो. दुर्मिळता हा बाजाराचा मापदंड आहे, भक्तीचा नव्हे. ‘हा शंख घरी ठेवताच धनलाभ होईल’ असे सांगून शंखाची किंमत वाढविता येते, परंतु त्याने शंखाची महती वाढत नाही.

आजोबा-पणजोबांच्या काळापासून देवघरात असलेला शंख हा कोणत्याही नव्या शंखाहून श्रेष्ठ समजावा. त्याचा कंठ थोडासा झिजला असेल, शुभ्रपणा थोडा उणावला असेल. तरी कितीतरी पिढ्यांच्या हातांचा स्पर्श त्यास झालेला आहे. तो जपावा आणि पुढील पिढीच्या हाती द्यावा. नवा शंख खरोखर आवश्यक असेल तर एकच घ्यावा, पारखून घ्यावा आणि त्याची योग्य किंमत द्यावी. शोभेसाठी व संग्रहासाठी शंखांची रास घरी आणणे टाळावे.

ज्या सागरातून आपल्याला शंख लाभतो, त्या सागराच्या तळाशी वाळूत रेघ उमटवीत सरपटणारा एक मुका जीव आहे, आणि त्याचा माग काढीत प्राण पणाला लावून खाली उतरणारा एक मनुष्यही आहे. शंखात जल भरताना या दोघांचे स्मरण व्हावे, एवढीच सर्व भाविकांस नम्र विनंती.